डावीकडे वळताना येणारा आवाज

आमच्या तालुका दूध संघाच्या हजेरीपटावर सुदाम मिस्तरी शेवटपर्यंत मिस्तरी झाले नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘मदतनीस, वाहन विभाग’ एवढंच लिहिलेलं असायचं. त्यांच्याजवळ आयटीआयचा कागद नव्हता. ज्यांच्याजवळ होता असे दोन मेकॅनिक माझ्या डोळ्यांदेखत आले, गाडी अडली की सुदाम मिस्तरींना हाक मारायची एवढं शिकले आणि बदली करून घेऊन निघून गेले.

मी तिथं वाहतुकीचा सुपरवायझर होतो. पाटोद्याला संघाचं शीतकेंद्र, त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याचं गॅरेज आणि गॅरेजला लागून माझी खोली. माझ्या खिडकीतून मिस्तरींचे पायच तेवढे दिवसभर दिसायचे. बाकीचे मिस्तरी गाडीखाली. टाचांना भेगा, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. गाडीखाली शिरण्याआधी ते चपला काढून चाकाजवळ नीट जोडून ठेवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांची दुरुस्तीची रीत साऱ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. कुणी सांगत आला, की गाडीतून आवाज येतो, तर मिस्तरी आधी गाडीकडं बघायचेच नाहीत. ड्रायव्हरकडं बघायचे.

“तोंडानं करून दाखव.”

मग तो मिशाळ, पन्नाशीचा गडी भर गॅरेजात ‘कर्र कर्र’, ‘धप धप’ असले आवाज काढायचा. हसणारे हसायचे. मिस्तरी हसायचे नाहीत. ते म्हणायचे, “ह्याहून जाड का बारीक? वळताना का सरळ? पुन्हा कर.” समाधान झालं की खिशातली लहान वही काढून त्यात तो आवाज अक्षरांनी लिहायचे, पुढं गाडीचा नंबर, आणि बिघाड सापडला की खाली त्याची जागा. त्यांचं अक्षर सुरेख होतं. चौथीपर्यंतच शाळा झालेली, पण अक्षर असं, की मॅनेजर साहेबांनी एकदा त्यांच्याकडून संघाच्या दाराची पाटी रंगवून घेतली होती. ती पाटी पुढं संघापेक्षा जास्त टिकली.

“आवाज खोटा नसतोय, सायब,” ते मला म्हणायचे, “पर जागा खोटी सांगतोय. मागं वाजतोय म्हणावं, तर दुखणं पुढं असतंय.”

संघाच्या एका संचालकांची जीप होती. तिच्यात खडखड व्हायची. बीडला दोन गॅरेजांत दाखवून झालं, इंजिनाखालची रबरं बदलून झाली, खडखड तशीच. शेवटी जीप आमच्याकडं आली. मिस्तरी दिवसभर तिच्यात नुसते बसून होते. ड्रायव्हरला पाटोद्याच्या रस्त्यावर हेलपाटे घालायला लावत, एकदा पुढच्या सीटवर, एकदा मागं, एकदा खाली मान घालून. संध्याकाळी त्यांनी डाव्या दाराचं आतलं पान उघडलं आणि हात घालून एक अडकित्ता बाहेर काढला. संचालकांचाच, वर्षापूर्वी हरवलेला. दाराच्या काचेच्या फटीतून आत पडला असणार. त्या अडकित्त्यापायी संचालकांनी घरच्या गड्याला कामावरून काढलं होतं, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. मिस्तरींनी तो फडक्यात गुंडाळला, आणि चारचौघांत न देता संचालकांना बाजूला नेऊन दिला. काय बोलले ते कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात तो गडी पुन्हा कामावर दिसला.

मिस्तरी चहा आपल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पेल्यातून प्यायचे. संघात सगळ्यांना कपबशा होत्या. हा पेला त्यांच्या पिशवीत असायचा, प्यायल्यावर स्वतः विसळून परत पिशवीत जायचा. मी नवा असताना मला तो नाद वाटला. मागाहून जुन्या शिपायानं सांगितलं, की मिस्तरी नोकरीला लागले तेव्हा कँटीनवाल्यानं त्यांचा कप वेगळा काढून खिडकीत ठेवला होता. मिस्तरींनी त्या कपाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ते पेला घेऊन आले. तो कँटीनवाला कधीच गेला होता, आणि नव्यानं सगळ्यांना सारख्या कपबशा केल्या होत्या. मी एकदा धीर करून म्हणालो, “मिस्तरी, आता कुणी काही म्हणत नाही. घ्या की कप.”

“म्हणत न्हाई, खरं हाय,” ते म्हणाले. “पर मी आता कावून बदलू?”

वर्षातून एकच रजा ते न चुकता मागायचे, एप्रिलच्या चौदा तारखेची. अर्ज पंधरा दिवस आधी माझ्या टेबलावर यायचा. बाकी आजारपण, लग्नकार्य, सगळं ते कामातून उरलेल्या वेळात भागवायचे.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला.

दुष्काळ आमच्याकडं दुधातून दिसला. आधी कॅन अर्धे यायला लागले, मग एकेका गावाची गाडीच बंद झाली. जनावरं छावणीत गेली, काही बाजारात गेली. शीतकेंद्रातलं यंत्र एकाआड एक दिवस चालायचं. गॅरेजातल्या सात गाड्यांपैकी चार नुसत्या उभ्या होत्या. तेव्हा वरून हुकूम आला, की संघानं एका गाडीवर टाकी चढवून पाणी पोचवावं. लिंबागणेशच्या पुढं, घाट ओलांडला की डोंगराच्या कुशीत एक वस्ती होती. तिच्या विहिरीत तेव्हा गाळसुद्धा वाळला होता. ती वस्ती आमच्याकडं आली.

टाकी आली ती दुसऱ्याच, मोठ्या गाडीवरून उतरवलेली. आमच्या कॅनच्या ट्रकवर ती बसवताना अगदी केबिनला चिकटवून बसवावी लागली, कारण तिचे पाय तिथंच जुळत होते. पाणी भरलं की गाडीचं तोंड खाली जायचं. वस्तीच्या अलीकडं एक कोरडा ओढा होता, मोठमोठ्या गोट्यांचा. पहिल्याच फेरीला गाडीचा पुढचा एक्सल गोट्याला घासला आणि गाडी तिथंच बसली. बायांनी ओढ्यात अडकलेल्या गाडीवरूनच पाणी वाहिलं.

मॅनेजर साहेब गॅरेजात आले. मी बरोबर होतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन सारखा वाजायचा, आणि तो वाजला की त्यांचा चेहरा पडायचा.

“मिस्तरी, काय करावं लागेल?”

“टाकी हातभर मागं सरकवावी लागंल, सायब. तिचे पाय कापायचे, नवे जोडायचे. मग वजन सारखं बसंल. तीन दिवस लागतील.”

“तीन दिवस? वस्तीला काय सांगू? दुसरं काही बोल.”

मिस्तरींनी गाडीच्या पुढच्या चाकांकडं बघितलं. मग म्हणाले, “पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याखाली लोखंडी ठोकळे घालून तोंड वर उचलता येतंय. एका दिवसात हुतंय. पर ते खरं काम न्हाई.”

“उचल. उद्या गाडी गेली पाहिजे.”

“सायब, लेखी...”

“अरे, मी तोंडानं सांगतोय ना! हे सुपरवायझर उभे आहेत की इथं.”

मी उभा होतो. मी मान हलवली.

मिस्तरींनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत ठोकळे बसवले. दोन बोटं जाडीचे, दोन्ही बाजूंना, लांब बोल्ट घालून आवळलेले. भरलेली गाडी आता सरळ दिसायची. रिकामी झाली की मात्र तिचं तोंड वर व्हायचं, वेसण ओढलेल्या बैलासारखं. पण ओढा ती पार करू लागली. वस्तीला पाणी सुरू झालं. साहेबांनी मिस्तरींसाठी चहा सांगितला, तो त्यांनी पेल्यात ओतून घेतला.

पाचव्या दिवशी युसूफभाई गाडी लावून मिस्तरींकडं आला. युसूफभाई आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. पानाचा तोबरा भरलेला, आणि मिस्तरींशी त्याचं अरेतुरेचं नातं.

“सुदाम, पुढून आवाज येतो बे.”

“तोंडानं कर.”

युसूफभाईनं पान थुंकून घेतलं. “खट्.” थोडं थांबून पुन्हा, “खट्. बस एवढाच. डावीकडं वळताना. येताना, रिकामी असली की. जाताना काय बी न्हाई.”

“दर वळणाला?”

“न्हाई. कदी येतो, कदी न्हाई येत.”

मिस्तरींनी वहीत लिहिलं. मग चपला काढून ठेवल्या आणि आत शिरले. ठोकळ्यांचे बोल्ट आवळून बघितले, घट्ट होते. पाटे पहारीनं हलवून बघितले. चाकं जॅकवर उचलून दोन्ही हातांनी डुलवली. टाकीचे पाय ठोकून बघितले. गाडी गॅरेजभोवती डावीकडं फिरवून बघितली. काही नाही. गाडी गप्प.

दुसऱ्या दिवशी युसूफभाई परत म्हणाला, खट्. तिसऱ्या दिवशीही. आता बाकीच्यांनी आपापलं निदान सांगितलं. कुणी म्हणालं, रिकामी टाकी वाजते. कुणी म्हणालं, युसूफचं वय झालं. साहेब म्हणाले, “रिकाम्या गाडीतच येतो ना आवाज? मग पाण्याला काय होतंय? चालू द्या.”

मिस्तरी मात्र जेवेनासे झाले. दुपारी गाडीच्या सावलीला बसून भाकरी सोडायचे, ठेच्याला बोट लावायचे, आणि तसंच बांधून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, “सायब, आधी ही गाडी गप होती. मी हात लावला अन् बोलाय लागली. म्हंजे ती मलाच काय तरी सांगतीया.”

मग ते फेरीबरोबर गेले. मीही गेलो, कारण वस्तीवरच्या पावत्यांवर सही लागायची. टाकी वस्तीवर रिकामी झाली. परतताना मिस्तरी गाडीत बसले नाहीत. युसूफभाईला म्हणाले, “माणसाच्या चालीनं चल,” आणि स्वतः पुढच्या डाव्या चाकाशेजारून वाकून चालू लागले. ऊन डोक्यावर होतं. चाकाची धूळ सगळी त्यांच्या तोंडावर. ओढ्यापर्यंत असे गेले, ओढा ओलांडला, पुन्हा माघारी फिरायला लावलं, पुन्हा ओलांडला. पाणी भरून घेतलेल्या बाया घागरी खाली ठेवून बघत होत्या. त्यांतली एक, मथुराबाई म्हणून होती, वस्तीत तिचा शब्द चालायचा, ती मोठ्यानं म्हणाली, “मिस्तरी, चाकाचं काय हरवलं का?”

चौथ्या खेपेला ओढ्याच्या काठावर गाडी डावीकडं वळत होती, आणि त्याच वेळी पुढचं चाक एका खड्ड्यात उतरलं.

खट्.

“थांब!” मिस्तरी ओरडले. “जागचा हलू नको. स्टेअरिंग तसंच धर.”

ते गोट्यांवर उताणे पडून खाली सरकले. बराच वेळ आले नाहीत. मग म्हणाले, “सायब, जरा वाका.”

मी वाकून बघितलं. त्यांनी बोट लावून दाखवलं. स्टेअरिंगपासून चाकाकडं जाणारा एक रॉड असतो, त्याच्या टोकाला वाटीत बसवलेला लोखंडी गोळा. गाडीचं तोंड उचलल्यामुळं रॉड तिरपा झाला होता. गाडी भरलेली असली की वजनानं बेताचा तिरपा. रिकामी झाली, त्यात चाक खड्ड्यात लटकलं आणि त्यात वळण डावं असलं, तर गोळ्याची मान वाटीच्या काठावर आपटत होती. आपटून आपटून मानेवर चकाकणारी खाच पडली होती. त्या खाचेतून केसासारखी एक चीर गेली होती.

“अजून किती दिवस गेली असती?” मी विचारलं.

“दिवस सांगता येत न्हाई. तुटली असती तर स्टेअरिंग युसूफच्या हातात राहिलं असतं अन् चाकं आपल्या मनानं गेली असती.” ते उठून बसले. तोंडावरच्या धुळीत घामाचे ओघळ होते. “घाटात तुटली असती.”

युसूफभाई खाली उतरला, वाकून बघितलं, आणि ओढ्याच्या काठावर जाऊन बसला. त्याच्या घरी सात माणसं होती.

गाडी कशीबशी, घाट टाळून, उजवीकडचा लांबचा रस्ता धरून गॅरेजात आणली. मिस्तरींनी तिची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली. साहेबांना म्हणाले, “ठोकळे काढतो, रॉड बदलतो, अन् टाकी मागं सरकिवतो. तीन दिवस. तवर गाडी न्हाई.”

साहेब चिडले. नुसता रॉड बदलून चालव म्हणाले. मिस्तरी म्हणाले, नवा रॉड बी तसाच आपटंल. साहेबांनी किल्ली मागितली. मिस्तरींनी दिली नाही. उभ्या नोकरीत त्यांनी साहेबांना नाही म्हटल्याचं मी तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या बाया आल्या. दहा-बारा जणी, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून, रिकाम्या घागरी घेऊन. साहेब केबिनचं दार लावून फोनवर बसले. बाया सरळ गॅरेजात शिरल्या.

“कोन हाय तो गाडी अडविणारा?” मथुराबाईनं विचारलं.

मिस्तरी टाकीखालून बाहेर आले. डोळ्यांवरचा वेल्डिंगचा काळा चष्मा काढला. “मी हाय, बाई.”

“घरी बाळंतीन हाय माझी सून. तिला काय पाजू? तुमचं तेल?”

“चूक माझी हाय,” मिस्तरी म्हणाले. “माझ्या हातानं केलेलं काम खोटं निगालं. आधी हेच करायला पायजे हुतं, जे आज करतोय. दोन दिवस द्या. गाडी सोडली अन् घाटात गेली, तर पाणी बी जाईल अन् मानूस बी.”

मथुराबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिला भांडण हवं होतं, आणि समोरचा माणूस भांडत नव्हता. तिनं घागर खाली ठेवली, ती वाजली. म्हणाली, “आजपस्तोर कोनी चूक माझी म्हनलं न्हवतं. समदे वर बोट दावित्यात.” मग बाकीच्यांना म्हणाली, “चला गं.” शीतकेंद्राची पाण्याची टाकी उघडून मी त्यांच्या घागरी भरून दिल्या. तेवढंच माझ्या हातून झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी गेली. भरलेली असो की रिकामी, सरळ. युसूफभाई संध्याकाळी येऊन म्हणाला, “गप हाय.” मिस्तरींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या दिवशी पूर्ण भाकरी खाल्ली.

आठवड्यानं चौकशी आली. वस्तीला तीन दिवस पाणी का नाही, याचं उत्तर वर पाठवायचं होतं. साहेबांनी केबिनमध्ये मिस्तरींना बोलावलं, मलाही. टेबलावर टाइप केलेला कागद होता. ‘वाहन विभागातील मदतनीसाने वरिष्ठांची परवानगी न घेता गाडीच्या पुढील भागात फेरफार केला’, असं त्यात होतं. खाली सहीची जागा.

मिस्तरींनी कागद सावकाश वाचला. मग मान वर करून साहेबांकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. फार वेळ नाही. एखाद्याला वेळ विचारावी तेवढंच.

माझी मोठी मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती, धाकटी पाळण्यात होती. माझी कायमची ऑर्डर साहेबांच्या शिफारशीवर अडलेली होती. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो.

मिस्तरींनी सही केली. त्या सुरेख अक्षरात, सावकाश, पूर्ण नाव. म्हणाले, “काम माझ्याच हातचं हाय,” आणि बाहेर गेले.

त्यांना गॅरेजमधून काढून छावणीवर चारा मोजायला बसवलं. संघाचीच नोकरी, पगार तोच, म्हणून कुणी ओरडलं नाही. मी आठवड्यातून एकदा छावणीवर जायचो. ते काट्याजवळ बसलेले असायचे, समोर पेंढ्या, वर फाटकं कापड. मला बघून नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे. पहिल्यासारखंच. तेच मला सोसवत नसे. पुढच्या वर्षी पाऊस आला, छावणी उठली, पण दूध काही परत आलं नाही. संघ हळूहळू बंद पडला. माझी बीडला दुसऱ्या खात्यात सोय लागली. मिस्तरी धर्मापुरीला लेकीकडं गेले, एवढं कानावर आलं.

पंधरा-सोळा वर्षांनी मी त्यांना पाहिलं, परळीच्या स्टँडवर. बाकावर बसले होते. खूप वाळले होते. मी जवळ जाऊन नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं, सरकून जागा दिली. माझ्या मुलींची विचारपूस केली. थोरलीचं लग्न झालं म्हटल्यावर, “लई बेस झालं,” म्हणाले. युसूफभाई गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. घरी, झोपेत गेला, म्हणाले.

मग मी म्हणून टाकलं.

“मिस्तरी, त्या दिवशी केबिनमध्ये मी बोलायला पाहिजे होतं.”

समोर एक गाडी मागं येत होती, तिचा कंडक्टर हात करत होता. ती लागेपर्यंत ते बघत राहिले.

“बोलला असतात तर आपन दोघं बी गेलो असतो,” ते म्हणाले. “तुमी लेकराबाळाचे हुतात.”

“तरी पण.”

“हां,” ते म्हणाले. “बोलला असतात, तर बरं वाटलं असतं.”

त्यात राग नव्हता. मला वाटतं, राग असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो.

धर्मापुरीची गाडी लागली. मी त्यांची पिशवी धरायला गेलो, त्यांनी ती आधीच खांद्याला लावली होती. दांड्याला धरून, एकेक पायरीवर थांबत ते चढले. खिडकीजवळची जागा मिळाली त्यांना. मी खाली उभा होतो, गाडी निघताना हात करावा म्हणून. ड्रायव्हर चढायला वेळ लागला. गाडी सुरू झाली, सगळी खिडकी थरथरायला लागली. मी हात वर केला. पण मिस्तरींनी डोकं गजाला टेकलं होतं, आणि गाडी स्टँडमधून बाहेर पडायच्या आधीच त्यांना झोप लागली होती.